मुलाखतीत मथळा नव्हे, निकाल विचारतात

दिवाणी न्यायाधीश किंवा सरकारी वकील व्हायचं स्वप्न पाहणारी मुलं-मुली आपल्या समाजातही आहेत. ती कलमं पाठ करतात, लेखी परीक्षाही पास होतात. गाडी अडते ती मुलाखतीत. 'सध्या न्यायालयात काय चाललंय आणि तुमचं मत काय?' असं विचारलं की व्हॉट्सअॅपवर वाचलेलं तोंडात येतं आणि तिथेच घोटाळा होतो.

वक्फचंच उदाहरण घेऊ. 15 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वक्फ (सुधारणा) कायदा 2025 वर अंतरिम आदेश दिला. 'स्थगिती मिळाली' आणि 'स्थगिती नाकारली' ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. संपूर्ण कायद्याला स्थगिती मिळाली नाही. मात्र वक्फ करणाऱ्याने किमान पाच वर्षं इस्लामचं पालन केलेलं असावं, ही अट राज्य सरकारं नियम करेपर्यंत थांबवली गेली. सरकारी जमिनीच्या वादात नुसत्या अधिकाऱ्याच्या चौकशीवरून मालमत्तेचा दर्जा बदलण्याच्या तरतुदीही रोखल्या गेल्या. नोंदणीची सक्ती कायम राहिली. आणि हा अंतिम निकाल नव्हता. एवढं शांतपणे सांगता आलं, तर समोरच्याला कळतं की उमेदवाराने आदेश वाचलाय.

दुसरी गोष्ट, प्रत्येक निकालाची मागची साखळी माहीत हवी. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम महिलेला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागता येते, असं स्पष्ट केलं. यामागे 1985 चा शाहबानो निकाल, 1986 चा कायदा आणि 2001 चा डॅनियल लतीफी निकाल आहे. आता हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 क्रमांकाने आहे. नवे तीन फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनी दंड संहिताच लागते. हा फरक विचारला जाऊ शकतो.

मग रोज करायचं काय? अर्धा तास पुरतो. एक चांगलं वर्तमानपत्र वाचा. महत्त्वाचा निकाल दिसला की सर्वोच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर मूळ प्रत पाहा. ती मोफत असते आणि काही निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. मग वहीत पाच ओळी लिहा: वाद काय, कलम कोणतं, दोन्ही बाजूंचं म्हणणं काय, न्यायालयाने काय ठरवलं, काय ठरवायचं राहिलं. आठवड्यातून एकदा मित्राला समोर बसवून हे तोंडी सांगा.

आपल्या मुलांना तलाक, वक्फ, समान नागरी कायदा यांवर प्रश्न येऊ शकतात. तेव्हा चिडायचं नाही आणि घाबरून गप्पही बसायचं नाही. निकालाशी असहमत असायला हरकत नाही. पण आधी न्यायालयाचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडा, मग आपलं मत कारणासह सांगा. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला रोज हेच करायचं असतं.

पालकांना आणि मोहल्ल्यातल्या जाणत्यांना आमची विनंती आहे, की वाचनालयात एक वर्तमानपत्र, इंटरनेट आणि बसायला शांत जागा एवढी सोय करा. मेहनत मुलं करतील, इन्शाअल्लाह.