अमोनियम सल्फेट जमिनीवर का फेकू नये?

सोलापूरकडील काळ्या जमिनीत चुनखडी पुष्कळ असते. अमोनियम सल्फेट ओलसर जमिनीवर फेकल्यास चुनखडीशी संयोग होऊन अमोनियम कार्बोनेट तयार होते. हा पदार्थ अस्थिर असून उन्हाच्या उष्णतेने त्याचे विघटन होते आणि अमोनिया वायूच्या रूपाने नत्र हवेत निघून जाते. 50 किलोच्या पोत्यात नत्र जेमतेम 10 किलो असते. त्यातील काही भाग असा दवडणे परवडणारे नाही.

याकरिता रब्बी ज्वारीस हे खत दोन चाड्यांच्या पाभरीने ओलीत पेरून द्यावे. खाली सुटलेला अमोनिया माती धरून ठेवते. खतात राख अथवा चुना मिसळू नये. कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांपुढे चिमूटभर खत ओल्या चुन्यात कालवून दाखवावे. नाकास झोंबणारा तो वास म्हणजेच उडून जाणारे नत्र होय.