तेलाचे कंत्राट आणि आपला वाटा



१९७४ साली मुंबईपासून दूर समुद्रात, ‘बॉम्बे हाय’ येथे तेल सापडले. तेव्हापासून ओएनजीसीसारख्या सरकारी कंपन्या नळ, व्हॉल्व्ह, पंपांपासून हातमोजांपर्यंत प्रचंड माल विकत घेत आल्या आहेत. हा पैसा देशाबाहेर जाऊ नये म्हणून नॉर्वेने १९७० च्या दशकात देशी मालाचा आग्रह धरला. नायजेरियाने २०१० साली कायदाच केला. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारने सार्वजनिक खरेदीत देशी मालाला प्राधान्य देण्याचा आदेश काढला.

यात ‘स्थानिक’ म्हणजे किल्लारीचे किंवा लातूरचे नव्हे, तर भारतात निर्माण झालेले मूल्य. समजा, कर वगळून व्हॉल्व्हची किंमत १०० रुपये आहे आणि त्यातील ४० रुपयांचे भाग परदेशी आहेत, तर स्थानिक अंश ६० टक्के झाला. २०२० च्या सुधारणेनुसार ५० टक्के व त्याहून अधिक अंश असणारा पुरवठादार पहिल्या वर्गाचा, २० ते ५० टक्क्यांमधील दुसऱ्या वर्गाचा. प्राधान्य मिळते ते पहिल्या वर्गाला. त्याचा भाव सर्वांत कमी भावापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्या कमी भावात माल देण्याची संधी त्याला मिळते.

आता आपल्याशी थेट संबंध असलेला भाग. लघुउद्योगांसाठी २०१२ चा वेगळा आदेश आहे. त्याप्रमाणे केंद्राच्या खात्यांनी व सरकारी कंपन्यांनी, तेल कंपन्यांसह, वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची आहे. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, म्हणून हा हक्क आपलाही आहे. या उद्योगांना निविदा अर्ज मोफत मिळतो, बयाणा रक्कमही भरावी लागत नाही.

परंतु प्रत्यक्ष खरेदी या ४ टक्क्यांच्या बरीच खाली राहत आली आहे. आपल्यातून पात्र निविदाच आली नाही, तर तो वाटा इतर लघुउद्योगांकडे जातो. म्हणजे राखीव जागा आपली, पण माल दुसऱ्याचा!

बँकेत काम करताना आम्ही पाहतो की, कर्ज मागणारे आपले बहुतेक तरुण दुकान, रिक्षा, पिठाची गिरणी यांपुढे जात नाहीत. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागात एवढी बांधकामे झाली. त्यात माल पुरवणारे आपल्यापैकी किती होते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

तेव्हा आयटीआयच्या मुलांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही, वस्तू तयार करावी किंवा सेवा द्यावी लागते. दोन, भागीदारीत किमान ५१ टक्के हिस्सा खरोखर आपला हवा. दुसऱ्याच्या धंद्याला केवळ जातीचा दाखला देणे म्हणजे आपल्याच समाजाचा वाटा विकणे होय. उद्यम नोंदणी मोफत आहे. दाखला, हिशेबाच्या वह्या आणि हातातील कसब तयार ठेवा. हक्क कागदावर आला आहे, तो घेणारे हात आता तयार झाले पाहिजेत.