‘गूगलने लॉगिन करा’ बटण लावलं, पण पट्टी कोण तपासतंय?



मागच्या व्हिडिओत आपण स्वतःच्या वेबसाइटवर घाऊक ऑर्डर कशा घ्यायच्या ते पाहिलं. त्यावर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: “सर, गूगलचं लॉगिन बटण लावलं म्हणजे साइट सुरक्षित झाली ना?”

नाही. बटण लावणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं तुमच्या सर्व्हरवर व्हायला लागतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच राहून जातं.

माझ्या एका बॅचमध्ये रिसोड तालुक्यातला एक तरुण होता. हळद पावडर, तिखट आणि मसाल्यांचा धंदा. वाशिम, मालेगाव, मंगरूळपीर या पट्ट्यातल्या पस्तीस-चाळीस किराणा दुकानदारांना माल द्यायचा. उधारीच्या वहीने डोकं उठायचं, म्हणून त्याने साइट बनवून घेतली. दुकानदाराने गूगलने लॉगिन करायचं, की त्याला त्याचा भाव, त्याची उधारी आणि मागच्या ऑर्डर दिसणार. पासवर्ड पाठ करायची भानगड नाही. सगळे खूश.

दोन महिन्यांनी एका दुकानदाराचा भाचा, बीसीए करणारा पोरगा, त्याला भेटला. हळूच म्हणाला, “भाऊ, रागावू नका, पण मले दुसऱ्या दुकानाचंबी खातं दिसून राह्यलं.”

आता विचार करा. रोखीने माल उचलणाऱ्याला किलोमागे दोन-चार रुपये कमी लावलेले असतात. जुन्या गिऱ्हाइकाची उधारी थकलेली असते. हे आकडे शेजारच्या दुकानदाराला कळले तर भावावरून भांडण होतं आणि उधारीवरून माणसाची अब्रू जाते. तालुक्याच्या गावात धंदा विश्वासावर चालतो. तो एकदा गेला की जाहिरात करून परत येत नाही.

नेमकं चुकलं काय?

गूगलचं बटण बरोबर चालत होतं. दुकानदार लॉगिन करायचा आणि गूगल त्याची ओळख ब्राउझरला द्यायचं. पण ब्राउझर पुढे तुमच्या सर्व्हरला फक्त ईमेल पाठवायचा: “अमुक ईमेलवाला आलाय, त्याचं खातं दाखवा.” सर्व्हर म्हणायचा, “बरं, हे घ्या.” भाच्याने त्या निरोपातला ईमेल बदलून पाहिला, तर दुसऱ्याचं खातं उघडलं. ना हॅकिंगचा कोर्स, ना महागडं सॉफ्टवेअर.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ब्राउझर समोरच्या माणसाच्या हातात असतो. तिथून आलेली कुठलीही माहिती तो बदलू शकतो. म्हणून ओळखीची तपासणी सर्व्हरवरच झाली पाहिजे.

काटापट्टीने समजून घेऊ

बाजार समितीत सोयाबीन घेऊन गेलाय कधी? माल मोजला जातो, काटापट्टी मिळते, आणि ती घेऊन शेतकरी अडत्याच्या दुकानात पैशाला जातो. तिथे कोणी तोंडी म्हणालं, “माझे वीस क्विंटल झाले, पैसे द्या,” तर मुनीम देईल का? तो आधी पट्टी मागेल.

गूगल लॉगिनमध्येही अशीच एक पट्टी मिळते. तिला आयडी टोकन म्हणतात. अक्षरांची लांबलचक माळ असते, मध्ये दोन टिंबं आणि त्यामुळे तीन भाग. त्यात माणसाचा ओळख क्रमांक, ईमेल, वेळ असं सगळं असतं आणि शेवटी गूगलची डिजिटल सही. आतला मजकूर कोणीही वाचू शकतो, तो गुपित नाही. पण एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. ब्राउझरने सर्व्हरला नुसता ईमेल न देता ही अख्खी पट्टी द्यायची, आणि सर्व्हरने मुनिमासारख्या चार गोष्टी पाहायच्या.

१. शिक्का खरा आहे का? म्हणजे गूगलची सही जुळते का. त्यासाठी लागणाऱ्या सार्वजनिक चाव्या गूगल जाहीर ठेवतं आणि त्या वेळोवेळी बदलतं. म्हणून चावी एकदा कोडमध्ये चिकटवून ठेवायची नाही.

२. पट्टी कोणी दिली? देणारा म्हणून गूगलचाच पत्ता हवा.

३. पट्टी कोणाच्या नावाची आहे? हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. समजा तुमच्या दुकानदाराने कुठल्यातरी फुकट गेमच्या साइटवर गूगलने लॉगिन केलं. त्या साइटलाही त्याची खरी, गूगलच्या सहीची पट्टी मिळाली. साइटवाल्याने तीच उचलून तुमच्या सर्व्हरला दिली तर? शिक्का खरा, माणूस खरा, पण पट्टी दुसऱ्या अडत्याच्या नावाची! गूगलकडे नोंदणी करताना तुमच्या साइटला एक क्लायंट आयडी मिळतो. टोकनमधला ‘ऑडियन्स’ हा भाग त्याच्याशी तंतोतंत जुळला तरच आत घ्यायचं.

४. तारीख गेली का? गूगलचं आयडी टोकन साधारण एक तास चालतं. मुदत संपलेली पट्टी परत पाठवायची.

हे चारही तपास हाताने लिहायची गरज नाही. पीएचपी, पायथन, नोड, जावा या सगळ्यांसाठी गूगलने तयार लायब्ररी दिल्या आहेत, त्या फुकट आहेत. मात्र त्यांना तुमचा क्लायंट आयडी द्यावा लागतो. तो दिला नाही तर तिसरा तपास होतच नाही.

फेसबुक, टेलिग्राम असेल तर?

तत्त्व तेच, रीत वेगळी. फेसबुक लॉगिनमध्ये ॲक्सेस टोकन मिळतं. तुमचा सर्व्हर ते फेसबुकलाच दाखवून विचारतो: हे चालू आहे का, कोणाचं आहे, आणि माझ्याच ॲपसाठी दिलेलं आहे का? तीनही उत्तरं बघायची.

टेलिग्रामचं लॉगिन विजेट २०१८ मध्ये आलं. ते नाव, आयडी, वेळ या माहितीसोबत एक हॅश पाठवतं. तुमच्या बॉटच्या गुप्त टोकनवरून सर्व्हर तोच हॅश स्वतः काढून पाहतो. जुळला तर माहिती खरी. वेळही बघायची, नाहीतर सहा महिने जुना निरोप कोणीतरी परत वापरेल. आणि ते गुप्त टोकन वेबपेजच्या कोडमध्ये कधीही ठेवायचं नाही. तिजोरीची चावी काउंटरवर लटकवण्यासारखं आहे ते.

मोठ्यांचंही चुकतं

“आपला डेव्हलपर लहान म्हणून चुकला” असं वाटत असेल तर ही गोष्ट ऐका. २०२० मध्ये भावुक जैन या भारतीय संशोधकाला ॲपलच्या लॉगिन सेवेत एक दोष सापडला. कुठलाही ईमेल सांगून त्या ईमेलचं टोकन मागितलं, तर ॲपलचा सर्व्हर सही करून देत होता. मागणारा माणूस तोच आहे का, ही खातरजमा तिथे होत नव्हती. ॲपलने दोष दुरुस्त केला आणि त्याला १ लाख डॉलरचं बक्षीस दिलं. आपल्या हळदवाल्याची चूक याच जातीची होती: समोरच्याने सांगितलेल्या ईमेलवर विश्वास!

ओळख पटली, आता अधिकार

पट्टी खरी निघाली म्हणजे ‘हा कोण’ एवढंच कळलं. ‘याला काय दाखवायचं’ हा वेगळा प्रश्न. जीमेल कोणाकडेही असतं, म्हणून लॉगिन करणारा प्रत्येक जण तुमचा दुकानदार होत नाही. तुम्ही मंजूर केलेल्या यादीत तो असला तरच घाऊक भाव दाखवा. आणि प्रत्येक पानावर, प्रत्येक ऑर्डरला सर्व्हरने पुन्हा पाहायचं: हे खातं याचंच आहे का?

आणखी एक. यादीत माणूस ईमेलने ओळखू नका. ईमेल बदलू शकतो. गूगल प्रत्येक खात्याला एक कायमचा क्रमांक देतं, टोकनमध्ये तो ‘सब’ या नावाने येतो. तो जपून ठेवा.

डेव्हलपरला हे पाच प्रश्न विचारा

१. ब्राउझरकडून सर्व्हरला नुसता ईमेल जातो की पूर्ण टोकन?
२. सही कुठे तपासली जाते? “ब्राउझरमध्ये” हे उत्तर आलं तर काम अपुरं आहे.
३. आपला क्लायंट आयडी जुळवला जातो का?
४. दुसऱ्या खात्याचा क्रमांक टाकला तर सर्व्हर अडवतो का? माझ्यासमोर करून दाखव.
५. गुप्त चाव्या कुठे ठेवल्या आहेत?

चौथी चाचणी स्वतःच्याच साइटवर, स्वतःच्या दोन जीमेल खात्यांनी करा. दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय असले प्रयोग नकोत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली तो गुन्हा ठरू शकतो. आणि गिऱ्हाइकाची माहिती सांभाळणं ही आता कायद्याची जबाबदारीही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

त्या तरुणाचं पुढे काय झालं? त्याने त्याच संध्याकाळी साइट बंद केली. डेव्हलपरने दोन दिवसांत तपासणी सर्व्हरवर नेली. पण मला आवडलं ते त्यानंतरचं. ज्या दुकानदाराचं खातं दुसऱ्याला दिसलं होतं, त्याच्याकडे हा स्वतः गाडीवर गेला आणि म्हणाला, “काका, तुमचा हिशोब एका पोराने पाह्यला. चूक माझी आहे, आता दुरुस्त केली.” काका दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, “तू सांगाले आला, हे बरं केलं. नाहीतर मले बाहेरून कळलं असतं.” पुढच्या आठवड्याची ऑर्डर त्यांनी त्याच साइटवरून टाकली.

आणि तो भाचा? साइटमध्ये काही बदल केला की आता आधी त्यालाच तपासायला देतात. दर वेळी मानधन देऊन.

तुमचा गृहपाठ: आजच डेव्हलपरला फोन लावा आणि पहिला प्रश्न विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला, तर उरलेले चार नक्की विचारा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, आणि गिऱ्हाइकाचा हिशोब झाकून ठेवा!