ओझे उतरले, पुढे काय?



पोळ्याला आपण बैलाचे खांदे शेकतो, पुरणपोळी भरवतो. आपल्या विदर्भात अकोटला गाढवांचाही पोळा भरतो. एरवी मात्र गाढवाची आठवण शिवी देण्यापुरतीच! वीटभट्टीवर ते राबते आणि लंगडू लागले की रस्त्यावर येते. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये १ लाख २० हजारच उरली.

सांगलीकडे 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था २००३ पासून ऊसगाडीच्या बैलांवर तसेच भट्टीवरच्या गाढवांवर उपचार करते, थकलेल्यांना आसरा देते. पण सांभाळ म्हणजे नुसता चारा टाकणे नव्हे.

गाढव हे मूळचे कोरड्या मुलखातले. त्याला कुटार, कडबा मानवतो. दया येऊन गूळ, मळी, ढेप भरपूर घातली, तर खुरांत दाह होऊन त्याला उभेही राहवत नाही. आपण साखरेची माणसे, तेव्हा हे ध्यानात ठेवावे! खूर दर सहा ते दहा आठवड्यांनी तासावे लागतात. त्याच्या केसांतून पावसाचे पाणी अंगापर्यंत मुरते, म्हणून कोरडे छप्पर हवेच.

सर्वांत कठीण म्हणजे गाढव दुखणे दाखवत नाही, गुमान उभे राहते. त्याने खाणे सोडले तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवावा. उपासाने रक्तात चरबी वाढून जीवावर बेतते.

आणि आनंद? मार खाल्लेले गाढव माणूस दिसताच मागे सरते. रोज त्याच वेळी, त्याच आवाजात हाक मारत राहावे. मग एखाद्या दिवशी ते आपणहून मान पुढे करते. त्याला जोडीदार मात्र हवा, एकटे झुरते. नीट सांभाळले तर तीसेक वर्षेही जगते.

१९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाढवावर ५० किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. पारा ३७ अंशांवर जात असेल, तेथे दुपारी १२ ते ३ कामालाही लावता येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात हा नियम रोजच लागू! पण मालकाचेही पोट हातावर असते. त्याला दरडावून भागत नाही. सावली दाखवा, डॉक्टरची गाठ घालून द्या.

नाथमहाराजांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली. आपल्याला निदान धुऱ्यावर एक बादली पाणी ठेवता येईल ना?