आपल्या दवाखान्याचं पासबुक कोण बघतं?

तायांनो, गटाचं कर्ज रजिस्टर एकदा उघडून बघा. कर्जाचं कारण लिहितो त्या रकान्यात शेती, शाळा, लग्न असतं, आणि कितीतरी ओळींना 'दवाखाना' असतं. सुनेचं बाळंतपण, सासऱ्यांचं दुखणं, लेकराचा ताप. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असूनही आपण गटातून पाच-दहा हजार उचलतो आणि खाजगीत जातो. का? तर तिथं नळाला पाणी नसतं, संडासाला कडी नसते, बाळंतिणीच्या खोलीतला दिवा गेलेला असतो. विचारलं तर 'वरून पैसे आले नाहीत' असं सांगतात, आणि आपण परत फिरतो.

पण अशा बारीकसारीक कामांसाठी वेगळा निधी दवाखान्याच्या खात्यावर येतो. तो कशावर खर्चायचा हे तिथलीच एक समिती ठरवते. तिचं नाव रुग्ण कल्याण समिती.

ही समिती आली कुठून?

१९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली. त्या वेळी इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. जिल्हा प्रशासनानं पेशंट दुसरीकडं हलवले, उंदीर मारले, सगळी इमारत धुऊन काढली. पण पुढं रोजची देखभाल कोण करणार? एक नळ बदलायचा तरी भोपाळला कागद पाठवायचा का? म्हणून दवाखान्याचीच समिती केली. पेशंटकडून थोडी फी आणि लोकांच्या देणग्या घ्यायच्या, आणि तो पैसा तिथंच खर्च करायचा, असं ठरलं.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि अशा समित्या देशभर झाल्या. सुरुवातीला प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी वर्षाला समितीचे १ लाख, देखभालीचे ५० हजार आणि अबंधित निधीचे २५ हजार, असे मिळून पावणेदोन लाख ठरले होते. उपकेंद्राला अबंधित निधी १० हजार होता. पुढं या रकमा बदलत गेल्या. म्हणून आपल्या केंद्राला यंदा किती आले, हे तिथंच विचारायचं.

फीचं काय झालं?

फीमुळं समितीकडं पैसा जमायचा, पण ज्याच्या खिशात काहीच नाही तो केसपेपरलाही अडायचा. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं यात येत नाहीत. गरिबाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. मात्र आता समितीची भिस्त जास्त करून सरकारी निधीवर आहे. तो वेळेत खर्च झाला नाही, हिशेब वर गेला नाही, तर पुढचा हप्ता अडकतो. हे आपल्याला गटाच्या कर्जावरून चांगलं कळतं.

कशावर खर्च होतो?

अबंधित म्हणजे ज्याचं काम वरून ठरवून दिलेलं नाही असा पैसा. पाण्याची टाकी, पंप, दिवे, संडासाची दुरुस्ती, बाळंतिणीच्या खोलीला पडदा, नातेवाइकांना बसायला बाक अशी कामं यातून होतात. कायम नोकरांचा पगार किंवा गाडी घेणं यात बसत नाही. डॉक्टरची जागाच रिकामी असेल तर ती समिती भरू शकत नाही. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडं ग्रामसभेचा ठराव पाठवावा लागतो.

आपण काय करायचं?

१. समितीत कोण आहे ते विचारा. केंद्राचे वैद्यकीय अधिकारी समितीचे सचिव असतात. त्यांना गटाच्या दोघी-तिघी मिळून भेटा.

२. तीन प्रश्न विचारा: मागच्या वर्षी किती पैसे आले? कशावर गेले? शिल्लक किती?

३. महिला गटाची प्रतिनिधी समितीत घ्यावी म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करा आणि पोच घ्या.

४. गावातली ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती विसरू नका. तिच्यात निम्म्या तरी बायका असाव्यात, असा नियम आहे. तुमच्या गावात त्या नुसत्या सहीपुरत्या आहेत का, ते बघा.

५. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं.

असं आधी कुणी केलंय का? केलंय. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतीपत्रक केलं. चांगलं त्याला हिरवा रंग, बरं त्याला पिवळा, वाईट त्याला लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडलं.

भांडायला जायचं नाही. सिस्टर आणि आशाताई आपल्याच आहेत, पाणी नसल्याचा त्रास त्यांनाही होतो. आपण दर बैठकीत जमा, खर्च, शिल्लक मोठ्यानं वाचतो. तेवढंच दवाखान्याच्या हिशेबाचं व्हावं, एवढंच मागायचं. येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, आणि तीन प्रश्नांची काय उत्तरं मिळाली ते आम्हाला लिहून कळवा.