मोरीच्या पाण्यावरचं अळू

नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत मोरी मागच्या अंगाला असे आणि तिचं पाणी जिथे जिरे तिथे अळू असे. मी १९७८ साली लग्न होऊन या पेठेत आले तेव्हा मला ते हयगयीचं लक्षण वाटलं होतं. आता वाडा पाडायच्या करारावर सह्या झाल्या आहेत आणि परसाच्या जागी गाड्या उभ्या राहणार आहेत. म्हणून गेलं वर्षभर सासूबाईंची वही समोर ठेवून मी या परसाचा हिशेब मांडते आहे.

आधी पाण्याचं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून बांधीव नळानं पुण्यात पाणी आणलं आणि ते पेठांतल्या हौदांत खेळवलं. हौदाचं किंवा आडाचं पाणी घागरीनं घरात यायचं. त्यामुळे ते एकदा वापरून टाकणं कुणाला परवडत नसे. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी, सगळं मोरीतून परसात जाई. तिथे सतत दलदल. बहुतेक भाज्यांची मुळं अशा चिखलात हवेवाचून कुजतात. अळूच्या देठात मात्र हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून हवा खाली मुळांपर्यंत पोचते. अळवाचा देठ आडवा कापून पाहा, स्पंजासारखा दिसेल. थोडक्यात, सांडपाण्याचा निचरा आणि रोजची भाजी ही दोन कामं एकच झाड करत होतं. डिटर्जंटची पावडर आली, मोऱ्या ड्रेनेजला जोडल्या गेल्या आणि ही सोय संपली. आजच्या मोरीच्या पाण्यावरचं अळू मी स्वतः खाणार नाही.

आता खाजेचं. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात. चिंचेच्या कोळानं ‘खाज मरते’ असं घरोघरी सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. हे स्फटिक चिंचेसारख्या सौम्य आम्लात सहज विरघळत नाहीत, आणि फदफद्यात आपण जो चुका घालतो तो तर ऑक्झॅलिक आम्लामुळेच आंबट असतो! सुयांच्या जोडीला असलेली प्रथिनं आग वाढवतात आणि ती उष्णतेनं निकामी होतात, हे स्पष्टीकरण मला अधिक जवळचं वाटतं. सासूबाईंच्या वहीत चिंचेचं माप नाही, पण ‘घोटेपर्यंत शिजवणे’ या शब्दांखाली दोनदा रेघ आहे. वहीत मापं मुळी नाहीतच. मूठ, पसा, ‘अंदाजानं’. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं प्रमाण घरात शिरलं, पण या वहीपर्यंत ते पोचलं नाही.

परसात अळूखेरीज लिंबू, कढीपत्ता, एक केळ आणि न्हाणीच्या छपरावर चढवलेला कोहळ्याचा वेल होता. कोहळ्याचे सांडगे, लिंबाचं लोणचं, कैऱ्या मंडईतून आणून घातलेलं वर्षाचं लोणचं, असा साठा माळ्यावर नव्हे, तळमजल्याच्या काळोख्या कोठीत असे. कारण तिथे गारवा. लोणच्यात मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं, त्या खारात बहुतेक जंतूंना वाढता येत नाही. वरचा तेलाचा थर हवा अडवतो म्हणून बुरशी धरत नाही. मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो, तो कोरड्या मोहरीत नसतोच. दाणा फुटून पाणी लागलं की तिच्यातला एक विकर कामाला लागतो आणि तो तिखट द्रव्य तयार करतो. तेही जंतूंना मारक असतं. मोहरी आधी कढत तेलात टाकली तर हा विकरच मरतो, म्हणून फेसायची ती कच्ची. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा आणि ओला हात लावायचा नाही. सासूबाई यातलं रसायन जाणत नव्हत्या, पण क्रम कधी चुकला नाही.

वहीच्या मधल्या एका पानावर पाककृती नाही, नुसती यादी आहे: ‘आंबा २ बरण्या, लिंबू १, मोरावळा, सांडगे, कुरडया, पापड, मेतकूट.’ वर तारीख, १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तो दिवस. मला हे पान कळायला वेळ लागला. लोणची मिरगाच्या आधी घालून होतात, वाळवणं उन्हाळ्यात उरकतात. म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोठी वर्षातली सर्वांत भरलेली असते. वर्षभराची बेगमी गेली ती नेमकी तेव्हा. मुठेचं पाणी लकडी पुलावरून पेठांत घुसलं आणि तळमजले बुडाले. माणसं वाचली ती चढून, बरण्या खालीच. काळोख्या गार कोठीचं शहाणपण त्या दिवशी अंगाशी आलं. त्यानंतर आमच्या घरात लोणचं पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळ, उकाड्यात राहिलं आणि दरवर्षी थोडं लवकर काळं पडलं. सासूबाईंनी ते चालवून घेतलं.

पुरानंतर शहराचे नळ कोरडे पडले आणि लोक पुन्हा आड-हौदांकडे वळले. परसात गुडघाभर गाळ होता. त्यातून पहिलं वर आलं ते अळू, कारण त्याचा साठा बरणीत नव्हे, जमिनीतल्या कांद्यात असतो. कुणी यावर कविता करील. सासूबाईंनी ती पानं कापून फेकली. त्या पाण्यातून मेलेली जनावरं वाहून आली होती. त्यांनी कांदे तेवढे ठेवले आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत अळू मंडईतून आणलं, पितृपक्षातलंसुद्धा.

त्याच कांद्यांचे पोरकांदे मी आता गच्चीवर लावले आहेत. प्लॅस्टिकचं पिंप अर्धं कापून, तळाशी रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं, वर पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा. ही रीत माझी नव्हे, मुंबईत डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडांवर गच्चीतली शेती रुजवली. पिंपाला खालून नव्हे, कडेला चार बोटं वर भोक पाडलं, म्हणजे तळाशी पाणी साचून राहतं. दुपारनंतर सावली लागते, नाहीतर पानांच्या कडा करपतात.

पानं परसातल्यापेक्षा लहान येतात. पूर्वी वडीच्या एका उंड्याला पाच पानं पुरत, आता आठ लागतात आणि पीठ जास्त खपतं. करारात लिहिल्याप्रमाणे गच्ची डिसेंबरपर्यंत आमच्याकडे आहे. नव्या इमारतीत गच्ची सामायिक असणार. तिथे पिंपं ठेवायला परवानगी द्यावी असा अर्ज मी दिला आहे, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.