लोणारचं सरोवर संगणकाला कसं सांगतात?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराच्या काठावर उभं राहिलं की खाली गोल खोलगट भाग, उतारावरची झाडी आणि तळाशी खारं पाणी दिसतं. संगणकाला यातलं काहीच दिसत नाही, त्याला आकडे लागतात.

सर्वांत सोपी रीत बिंदूची. अक्षांश १९.९७६ उत्तर, रेखांश ७६.५०८ पूर्व, झालं लोणार! अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांश चिन्हापुढचा तिसरा आकडा एकाने चुकला, की बिंदू शंभरेक मीटर सरकतो. क्रमही सांभाळावा लागतो. जिओजेसॉन या प्रचलित फाइल-प्रकारात रेखांश आधी, अक्षांश नंतर लिहितात. उलटापालट झाली तर लोणार थेट स्वालबार्डजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं.

राज्याच्या नकाशाला एवढा बिंदू पुरतो. पण कमळजा देवीच्या देवळाकडे उतरणारी पायवाट दाखवायची, तर बिंदू ओळीने ओवून रेषा करावी लागते. जितकी वळणं जास्त, तितके बिंदू जास्त. हीच माळ पाण्याच्या कडेकडेने फिरवून पुन्हा पहिल्या बिंदूला आणून जोडली, की बहुभुज तयार होतो आणि क्षेत्रफळ काढता येतं. पाणी वगळून फक्त भोवतालची झाडी हवी असेल, तर एक माळ बाहेरून आणि एक आतून. थोडक्यात, मेदुवडा! प्रत्येक आकृतीला तक्त्यातली एक ओळ बांधलेली असते. नाव, प्रकार, मोजणीची तारीख अशी माहिती तिच्यात राहते.

उताराला मात्र अशी कड नसते, तिथे उंची पावलोपावली बदलते. म्हणून जमिनीवर चौकोनांची जाळी अंथरतात आणि प्रत्येक चौकोनात उंचीचा एक आकडा भरतात. हे रास्टर. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानातल्या रडारने केलेल्या मोजणीतून मिळालेल्या जाळीत चौकोनाची बाजू सुमारे ३० मीटर आहे. १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर त्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जेमतेम ६० चौकोनांत मावतं. तीस मीटरांच्या आतला खडक किंवा घळ त्यात वेगळी दिसतच नाही.

सरोवराचं पाणी पावसाप्रमाणे वाढतं, आटतं. त्याच्या काठाचा बहुभुज मात्र आखला त्या दिवसाचाच राहतो. म्हणून नकाशावरून क्षेत्रफळ उतरवून घेण्याआधी तक्त्यातली तारीख जरूर पाहा.